ग्रामसभेत आवाज का चढतो

ग्रामसभा उधळली की गावात एकच वाक्य फिरतं, "आपल्या गावचे लोकच तसे हायेत." मला हे पटत नाही. हेच लोक सप्ताहाच्या मांडवात, पंगतीत, दोनशे-दोनशे जणांत नीट वागतात. सभेत आवाज चढतो तो बहुतेकदा सभा भरवण्यातल्या चुकांमुळे, आणि त्या दुरुस्त करता येतात.

पहिली चूक नोटिशीत असते. नेहमीच्या ग्रामसभेची सूचना ७ दिवस आधी आणि विशेष सभेची ४ दिवस आधी द्यायची, हा नियम. तो कागदावर पाळला जातो. पण कापूस वेचणीच्या दिवसांत ग्रामपंचायतीच्या फळ्यापुढे उभं राहायला वेळ कोणाला आहे? दवंडी दिवेलागणीनंतर द्यावी, आणि पोडावर (कोलामांच्या वस्तीवर), तांड्यावर वेगळी द्यावी. विषयही नेमके लिहावेत. 'विकासकामांवर चर्चा' असं लिहिलं की सगळे सगळ्यावर बोलतात. 'वॉर्ड २ मधील नाली : मंजूर रक्कम, आजवरचा खर्च, उरलेलं काम' असं लिहिलं की ज्याच्या दारापुढे ती नाली आहे तो तयारीनं येतो. 'आयत्या वेळचे विषय' या ओळीखाली पैशाचा कोणताही ठराव घेऊ नये. निम्मी भांडणं तिथंच उगवतात.

गणपूर्तीचाही यात मोठा वाटा आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक हवेत. तितके जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. मग वीस-पंचवीस डोक्यांत ठराव होतात, आणि पुढच्या सभेत बाकीचे 'आम्हाले काऊन नाही सांगतलं' म्हणत येतात. त्यांचा राग रास्तच असतो. तहकूब सभेची तारीख त्याच दिवशी जाहीर करावी आणि दवंडी पुन्हा द्यावी.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती खरोखर घ्या, केवळ सह्यांपुरती नको. तिथं ठरलेले मुद्दे ग्रामसभेत सुरुवातीलाच, महिलांपैकीच कोणीतरी वाचून दाखवावेत. शेवटी ठेवले की तोवर अर्धी सभा उठून गेलेली असते.

आता माईक. एकच माईक असतो, तो सरपंचांच्या हातात, आणि विचारणारा मागच्या रांगेत. त्याला ओरडावंच लागतं. तो ओरडला की समोरच्याला तो भांडायला आलाय असं वाटतं, आणि उत्तरही तशाच आवाजात येतं. दुसरा माईक लोकांत फिरवा, तो एखाद्या तिऱ्हाइताच्या हाती द्या, एकाला ३ मिनिटं ठेवा, आणि जो अजून बोललाच नाही त्याला आधी संधी द्या. बोलणं अध्यक्षांकडे पाहून व्हावं, एकमेकांकडे पाहून नव्हे. आरोप खुद्द सरपंचांवर असेल तर त्यांनी लगेच बोलू नये. आधी सचिवांनी त्या कामाचा कागद वाचावा, मग सरपंचांनी उत्तर द्यावं. शिवी आली तर शिवीला उत्तर न देता तिच्यातला प्रश्न तेवढा उचलून मोठ्यानं पुन्हा म्हणायचा : "भाऊ, तुमचं म्हणणं हातपंप चार महिन्यांपासून बंद आहे, असं ना?" बहुतेक माणूस इथं थांबतो. नाहीच थांबला तर १० मिनिटं सभा थांबवावी.

घरकुलाचा विषय निघाला की हमखास भडका उडतो. सरपंचानंच आपली माणसं घातली, असं लोक धरून चालतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण यादीचा पाया २०११ची सामाजिक-आर्थिक व जात पाहणी होता, नंतर त्यातून सुटलेल्या घरांसाठी 'आवास प्लस'ची नोंदणी झाली. ग्रामसभेच्या हातात असतं ते नाव पडताळणं, अपात्र दाखवणं. हे माहीत नसताना वाद होतो तो यादीवरून नव्हे, माणसावरून होतो. म्हणून यादी छापून आठवडाभर आधी लावा, नाव का वगळलं त्याचं कारण समोर लिहा, आणि हरकत लेखी घ्या. अनुदान नेमकं किती आणि कशाकशाचं मिळून, हेही फलकावर असू द्या, कारण शेजाऱ्याला दोन लाख मिळाले अशी बातमी दरवेळी येतेच.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वऱ्हाडीत मोठ्यालाही 'तू' म्हणतात, त्यात माया असते. पण सधन घरच्या तरुणाला 'भाऊसाहेब' आणि सत्तर वर्षांच्या मजुराला 'ए, बस खाली' हे एकाच सभेत चालत असेल, तर पुढच्या साऱ्या शिस्तीला अर्थ उरत नाही. सभेत सगळ्यांना 'तुम्ही'. अध्यक्षांनी ते आधी स्वतः पाळावं.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव यापुढे गेलं. तिथं अभ्यासगटात विषयावर मोकळी चर्चा होते, पण निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. एकाचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलला जातो. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गाव आहे. चर्चेची जागा आणि निर्णयाची जागा वेगळी ठेवली की बोलताना मत बदलायला लाज वाटत नाही. मात्र पाच हजार मतदारांच्या गावात सर्वसहमती जशीच्या तशी आणू नये. तिथं गप्प बसणंही होकार धरलं जातं. दारूबंदीसाठी महिलांचं 'उभी बाटली, आडवी बाटली' हे गुप्त मतदान असतं ते याचसाठी : दुकानदाराच्या तोंडावर बोलता येत नाही, पण चिठ्ठीवर शिक्का मारता येतो.

सभेबाहेरची चर्चा आता मोबाईलवर असते. तीन तासांच्या सभेतले २० सेकंद कापून चॅनेलवर टाकले जातात आणि गावाची बदनामी होते. उपाय सरळ आहे : ग्रामपंचायतीनं पूर्ण चित्रण करावं आणि ते त्याच दिवशी सर्वांना द्यावं. गावच्या व्हॉट्सॲप गटावर दावा करणाऱ्यानं कागदाचा फोटो टाकावा, एवढा एकच नियम पुरतो. कापसाच्या भावाचंच घ्या. एक म्हणतो हमीभाव ८,११० आहे, दुसरा म्हणतो केंद्रावर तेवढे मिळाले नाहीत, आणि दोघं एकमेकांना खोटारडे ठरवतात. २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल जाहीर झाले. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की सीसीआय (हमीभावानं कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ) भाव कापते, १२ टक्क्यांवर गेला तर मालच घेत नाही. दोघंही खरं बोलत असतात, फक्त धागा आणि ओलावा कोणी विचारलेला नसतो. पक्षाच्या प्रवक्त्यांनी आणि स्थानिक पत्रकारांनीही आधी हेच दोन प्रश्न विचारावेत.

सभा संपताना प्रत्येक ठराव मोठ्यानं वाचावा, आणि 'विरोध कोणाचा' हे विचारून विरोधकाचं नाव त्याच्या कारणासह इतिवृत्तात लिहावं. हजेरीच्या सह्या कोऱ्या पानावर घेऊ नयेत. वर तारीख आणि 'फक्त उपस्थितीसाठी' असं लिहून सह्या घ्याव्यात, शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारावी, आणि तिच्याखाली अध्यक्ष व सचिव या दोघांनी लोकांसमोरच सही करावी.