तुम्ही विचारलंत म्हणून: हल्ल्याच्या पहिल्या दिवशी काय बोलावं?

जगात कुठेही दहशतवादी हल्ला झाला की दोन-चार दिवसांत हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. कधी वर्गात, कधी व्याख्यान संपल्यावर, कधी घरातलंच कुणी. "पुढारी दर वेळी तीच वाक्यं बोलतात आणि तुम्ही प्राध्यापक मंडळी रक्त सुकायच्या आत कारणं सांगायला लागता. साधा निषेध करून गप्प का बसवत नाही तुम्हाला?" मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रश्नाचा दुसरा भाग थेट मलाच लागतो. तोंडी उत्तर देताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून लिहिते आहे.

आधी पुढाऱ्यांचं बोलते. 'भ्याड हल्ला', 'तीव्र शब्दांत निषेध', 'दोषींची गय केली जाणार नाही' ही वाक्यं घासून गुळगुळीत झाली आहेत, हे खरं. पण मला त्यांचा राग येत नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला भेटायला जातो तेव्हा आपण तरी नवं काय बोलतो? शोकाची भाषा ठरावीकच असते, आणि ती बोलली गेली नाही तर जास्त लागतं. २६/११ नंतर महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांच्या तोंडून, मोठ्या शहरात अशा एखाददुसऱ्या घटना होत असतात, अशा अर्थाचं वाक्य गेलं. १६६ माणसं मेली होती. आर. आर. पाटलांना मंत्रिपद सोडावं लागलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा गृहमंत्री झाले, त्यांनी इतर कामंही बरीच केली, पण ते वाक्य लोक विसरले नाहीत.

मला खरी भीती वाटते ती माहिती नसताना खात्रीने बोलणाऱ्यांची. ११ मार्च २००४च्या सकाळी माद्रिदच्या चार लोकल गाड्यांमध्ये दहा बॉम्ब फुटले. १९०हून जास्त माणसं गेली. निवडणूक तीन दिवसांवर होती. स्पेनचे पंतप्रधान आस्नार यांच्या सरकारने त्याच दिवशी 'एटा' या बास्क फुटीरतावादी संघटनेचं नाव घेतलं. परराष्ट्रमंत्र्यांनी जगभरच्या स्पॅनिश राजदूतांना तेच सांगायला कळवलं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी ठराव १५३० एकमताने मंजूर केला, त्यातही एटाचंच नाव. आणि त्याच दिवशी पोलिसांना एक व्हॅन सापडली होती, तिच्यात डिटोनेटर होते आणि कुराणपठणाची कॅसेट. हल्ला जिहादी गटाचा आहे हे दिसायला लागलं तरी सरकार आपला हेका सोडेना. लोक रस्त्यावर उतरून विचारत होते, हे कुणी केलं? १४ तारखेला सत्ताधारी पक्ष हरला. सरकारने इराक युद्धाला साथ दिली याचा रागही त्यात होता, पण सरकारने आपल्याला फसवलं ही भावना मोठी होती. एटावर संशय घेणं चूक नव्हतं, त्या संघटनेने तोवर आठशेच्या वर माणसं मारली होती. संशय खात्री म्हणून खपवला, ही चूक.

उलट, चुकल्यावर सावरताही येतं. १६ सप्टेंबर २००१ला जॉर्ज बुश यांनी दहशतवादाविरुद्धच्या लढाईला 'क्रूसेड' म्हटलं. क्रूसेड म्हणजे मध्ययुगात ख्रिश्चनांनी मुस्लिमांविरुद्ध लढलेलं धर्मयुद्ध; जिथे त्या युद्धांच्या आठवणी अजून जिवंत आहेत तिथे हा शब्द कसा ऐकला जाईल, याचा विचार झाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी ते वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले आणि इस्लाम म्हणजे शांतता, दहशत हा त्याचा चेहरा नव्हे, असं बोलले. त्यांच्या पुढच्या युद्धांबद्दल माझं मत कडवट आहे, तरी तो दिवस मी त्यांच्या खात्यात जमा धरते. अमेरिकेतल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांना त्या आठवड्यात घराबाहेर पडायची भीती वाटत होती.

आणि नॉर्वे. २२ जुलै २०११. ओस्लोच्या सरकारी इमारतींजवळ बॉम्ब, मग उतोया बेटावर तरुणांच्या शिबिरात गोळीबार. ७७ माणसं गेली, बहुतेक कोवळी मुलं. पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग म्हणाले, आमचं उत्तर आहे आणखी लोकशाही, आणखी मोकळेपणा, पण भाबडेपणा कधीच नाही. मी हे भाषण वर्गात दर वर्षी वाचून दाखवते. त्याच्या जोडीला वर्षभराने आलेला चौकशी आयोगाचा अहवालही वाचते. सरकारी इमारतींसमोरचा रस्ता वाहनांना बंद करायचा असं ठरून वर्षं लोटली होती, पण तो उघडाच राहिला आणि बॉम्बची गाडी तिथेच येऊन थांबली. बेटावर पोलीसही लवकर पोचू शकले असते. दोन्ही गोष्टी स्टोल्टेनबर्ग यांच्याच सरकारच्या. इतकं सुंदर बोललेला माणूस त्या रस्त्याबद्दल उत्तरदायी होता, आणि ती जबाबदारी त्यांनी स्वीकारली.

आता आम्हा प्राध्यापकांबद्दल.

फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०१५मध्ये पॅरिसच्या हल्ल्यांत १३० जण मारले गेले. दोनेक महिन्यांनी पंतप्रधान मान्युएल वाल्स म्हणाले की कारणं सांगायला लागणं म्हणजे थोडंफार माफ करायला निघणंच. समाजशास्त्रज्ञ खवळले, आणि ते बरोबरच होतं. आगीचं कारण शोधणाऱ्याला आपण आग लावणाऱ्याचा भाऊ म्हणत नाही.

पण वाल्स यांना असं का वाटलं असेल, याचा विचार करताना मला आपल्याच भाषेतला एक शब्द आडवा आला. 'समजून घेणं'. मराठीत आपण 'जरा समजून घ्या ना' म्हणतो तेव्हा माफीच मागत असतो. सासूने सुनेला समजून घ्यावं म्हणजे तिची चूक पोटात घालावी. मग एखादा प्राध्यापक पडद्यावर येऊन 'हल्लेखोराला समजून घ्यायला हवं' म्हणतो, तेव्हा ज्या आईचा मुलगा सकाळीच गेला तिला काय ऐकू येत असेल? तिने ऐकलं ते चूक नाही, शब्दात तो अर्थ आहेच. तेव्हापासून मी तो शब्द या संदर्भात वापरत नाही. 'तपासणं' म्हणते. हा माणूस इथवर कसा पोचला, पैसा कुठून आला, कुणी भरीला घातलं, कुणाला दिसत होतं आणि कोण बोललं नाही, हे तपासायला हवं. तपासात माफी येत नाही.

तपासाला वेळ लागतो. पॅरिसनंतर ओलिव्हिए रुआ आणि जील केपेल या दोन अभ्यासकांत मोठा वाद झाला. रुआ हल्लेखोरांचे जीवनपट चाळून म्हणत होते की या तरुणांत बंडखोरी आधी आली, धर्माचा झेंडा मागून. केपेल स्थलांतरितांची वस्ती असलेल्या उपनगरांमध्ये वर्षानुवर्षं हिंडलेले. त्यांचं म्हणणं, सलफी विचाराचं, म्हणजे सुरुवातीच्या इस्लामकडे परत जा म्हणणाऱ्या कर्मठ पंथाचं, वजन कमी लेखू नका. असा वाद मला हवा असतो, कारण दोघांच्या निदानातून उपाय वेगळे निघतात आणि दोघांनीही त्याआधी पायपीट केलेली असते. हल्ल्यानंतर तासाभरात अभ्यासक जे 'कारण' सांगतो ते मात्र बहुतेक वेळा त्याचं कालचंच मत असतं. हल्ला नवा, मत जुनं.

हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. २२ जुलैच्या त्या संध्याकाळी मला एका वार्ताहराचा फोन आला. "मॅडम, दोन वाक्यं द्या, कुणी केलं असेल?" त्या वेळी अनेक तज्ज्ञ अल-कायदाकडे बोट दाखवत होते. मी म्हणाले, "पद्धत बघता..." आणि पुढे एका जिहादी संघटनेचं नाव घेतलं. 'माहीत नाही' एवढं म्हणता आलं असतं. ते दोन शब्द मला अपुरे वाटले, आपल्याला बोलावलं ते माहीत आहे म्हणून, असं वाटलं. सकाळी माझं वाक्य छापून आलं, आणि तोवर हल्लेखोर नॉर्वेचाच, उजव्या टोकाचा, एकटा माणूस निघाला होता. सोमवारी तासाला पहिल्या बाकावरच्या मुलीने, ती मुस्लिम होती, शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्हाला कुठल्या पद्धतीवरून वाटलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वर्गात माफी मागितली. वार्ताहरालाही फोन करून दुरुस्ती छापायला सांगितलं, ती छापून आली नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. हल्ल्याची बातमी आली की त्या दिवशी मनात जे येतं ते तिथे लिहिते, तारखेसकट, आणि फोन आला तर मृतांबद्दल बोलते, जे पक्कं कळलंय तेवढं सांगते, उरलेल्याला 'अजून माहीत नाही' म्हणते. वार्ताहरांना हे आवडत नाही, ते दुसऱ्या कुणाला तरी फोन लावतात. सहा महिन्यांनी मी ते पान उघडून शेजारी काय निघालं ते लिहिते. वहीच्या पहिल्या पानावर २२ जुलै २०११ आहे, त्याखाली माझ्या अक्षरात त्या संघटनेचं नाव. ते मी खोडलेलं नाही.