सल्ल्याची मात्रा

दोन वर्षांपूर्वी माझ्या फाईलमध्ये तीन वेगवेगळ्या डॉक्टरांचे तीन कागद होते आणि त्या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मला तरी वाटले नव्हते. पहिला कागद रक्ततपासणीचा होता. त्यावर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारे प्रमाण, ६.२ टक्के आले होते. हा आकडा ५.७ ते ६.४ च्या दरम्यान असला की त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. दुसऱ्या कागदावर झोपेच्या गोळीचे नाव होते. तिसरा मनोविकारतज्ज्ञांचा होता आणि त्यावर मध्यम स्वरूपाचे नैराश्य असे निदान लिहिले होते. तिन्ही ठिकाणांहून बाहेर पडताना मला जवळजवळ एकच वाक्य ऐकायला मिळाले : थोडा व्यायाम करा, खाणे सांभाळा, ताण घेऊ नका.

गोळ्यांच्या बाबतीत किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे सगळे व्यवस्थित लिहून दिले होते. व्यायामाचे प्रमाण मात्र ‘थोडा’ एवढेच होते. आणि ताण घेऊ नका हे तर अशा सहजतेने सांगितले जाते, की जणू तो मी हौसेने मागवून घेत होतो. हे वाक्य चुकीचे होते असे मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीला मात्रा नाही, मुदत नाही आणि पुढच्या भेटीत जिच्याविषयी कोणी विचारणारही नाही, तिला उपचार म्हणता येत नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

हे कळायला निमित्त झाले ते जीवनशैली वैद्यकाचा, म्हणजे ज्याला सर्रास लाईफस्टाईल मेडिसिन म्हणतात त्याचा, अभ्यास केलेल्या एका डॉक्टरांच्या भेटीचे. नाव ऐकून मला आधी शंकाच आली होती, कारण या शब्दाच्या आडोशाने बरेच काही विकले जाते. प्रत्यक्षात ही काही वेगळी उपचारपद्धती नव्हे. आहार, शारीरिक हालचाल, झोप, ताणाचे नियमन, तंबाखू व मद्यासारख्या पदार्थांपासून दूर राहणे आणि माणसांशी असलेले संबंध या सहा गोष्टींकडे उपचाराची साधने म्हणून पाहायचे आणि औषधांना जी कसोटी लावली जाते तीच त्यांनाही लावायची, एवढाच तिचा आग्रह आहे. अमेरिकेत या विषयाची व्यावसायिक संघटना २००४ मध्ये स्थापन झाली. त्यामागचा विचार अर्थातच त्याहून पुष्कळ जुना आहे.

डॉक्टरांनी तिन्ही कागद समोर ठेवले आणि त्यांतल्या एकाविषयीही न विचारता मी रात्री किती वाजता अंथरुणावर पडतो, प्रत्यक्षात कधी झोपतो, सुट्टीच्या दिवशी कधी उठतो, शेवटची कॉफी किती वाजता घेतो, दिवसातले किती तास बसून जातात आणि मनातले बोलावे असे कोणी आहे का, हे विचारत गेल्या. शेवटच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर, औषध लिहावे तसेच, लिहिले : चालणे, ३० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. खाली पुढच्या भेटीची तारीख टाकली.

आठवड्याला १५० मिनिटे हा आकडा त्यांनी आपल्या मनाने काढलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे सांगितली आहेत. मधुमेहपूर्व अवस्थेबाबत तर याहून थेट पुरावा आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ३,२३४ माणसे होती. ज्यांनी वजन ७ टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल करण्याचे उद्दिष्ट ठेवले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण नाममात्र गोळी, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिले. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी होते. हे आकडे अनेक ठिकाणी उद्धृत होतात, पण ते ज्या रीतीने मिळवले गेले ती रीत सहसा सांगितली जात नाही. त्या माणसांना ‘व्यायाम करा’ असे सांगून घरी पाठवलेले नव्हते. पहिल्या २४ आठवड्यांत प्रत्येकाला १६ पाठांचा अभ्यासक्रम समोरासमोर बसून शिकवला गेला आणि त्यानंतरही पाठपुरावा चालू राहिला. म्हणजे मेटफॉर्मिनच्या तुलनेत सरस ठरला तो सल्ला नव्हे, तर त्या सल्ल्याभोवती उभी केलेली सगळी व्यवस्था.

हालचालीचा आणि हृदयाचा संबंध दाखवणारा एक जुना अभ्यास मला विशेष आवडतो. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळला. पुढे १९५६ मध्ये त्यांनी या दोघांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा घेर मुळातच मोठा असल्याचे दिसले. म्हणजे जाड माणसे आधीपासूनच चालकाच्या कामाकडे वळत असतील आणि फरकाचा काही भाग त्यातून आला असेल, ही शंका खुद्द संशोधकांनीच पुढे आणली. आपल्याच निष्कर्षाची अशी मापे घेणारी माणसे पाहिली की त्या विषयावर माझा विश्वास बसतो.

मनाच्या बाबतीत पुरावा इतका नितळ नाही, आणि तो तसा आहे असे भासवणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. १९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठात पन्नाशीच्या पुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांचे तीन गट करण्यात आले : एकाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन हे औषध आणि तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत सुधारणा सारखीच होती. औषधाचा गुण मात्र आधी दिसू लागला. एवढ्यावरून ‘गोळ्यांची गरजच नाही’ असे लेख लिहिले गेले आहेत. त्याच संशोधकांनी २००७ मध्ये नाममात्र गोळीचाही एक गट ठेवून चाचणी केली, तेव्हा देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी ४५ टक्के, औषध घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के आणि नाममात्र गोळी घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. तेव्हा व्यायामाचा उपयोग आहे, पण काळाचा, लक्ष पुरवणाऱ्या माणसांचा आणि अपेक्षेचाही त्यात वाटा आहे. माझ्या डॉक्टरांनी हे आकडे मला लपवून ठेवले नाहीत, उलट म्हणाल्या, ‘म्हणूनच तर मी तुम्हाला पुढची तारीख देते.’

आहाराविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त लिहिले जाते. ऑस्ट्रेलियात ६७ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवडे भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर देणारा आहार आहारतज्ज्ञाच्या मदतीने घेणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्के लोकांची लक्षणे ओसरली, तर नुसत्या गप्पांची सोबत मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. आशादायक आहे, पण माणसे थोडी आहेत, कोण काय खात आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक होते आणि बहुतेकांचे इतर उपचारही चालू होते. जाता जाता आणखी एक गोष्ट. मनःस्थितीशी जोडले जाणारे सेरोटोनिन हे रसायन शरीरात सुमारे ९० टक्के आतड्यातच तयार होते हे खरे; पण ते तिथून मेंदूत जात नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला ओलांडता येत नाही. त्यामुळे ‘आनंदाचे रसायन पोटात बनते’ या धाटणीच्या मजकुरावरून मी आता पुढे सरकतो.

माझ्या बाबतीत तिन्ही कागदांना बांधणारा धागा निघाला तो झोपेचा. १९९९ च्या एका प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त ४ तास अंथरुणात राहू दिले, तेव्हा तेवढ्या अवधीत त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता लक्षणीय खालावली आणि संध्याकाळी उतरायला हवे असलेले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढे राहिले. त्यातच अपुऱ्या झोपेने भूक वाढते, थकवा आल्याने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की स्नायू रक्तातली साखर कमी ओढतात आणि या सगळ्यात खचलेले मन रात्री पुन्हा जागे राहते. मी ज्यांना तीन आजार समजत होतो, ते एकाच चाकाचे आरे होते.

यावर मला मिळालेला उपचार सुरुवातीला उफराटा वाटला. मी रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत, म्हणजे नऊ तास, अंथरुणात असे आणि त्यात जेमतेम सहा तास झोपत असे. डॉक्टरांनी सांगितले की बारा ते सहा एवढाच वेळ अंथरुणात राहायचे, झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे आणि कितीही वाईट रात्र गेली तरी सकाळी सहाला उठायचे. निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराचा हा भाग आहे आणि जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. पहिले दोन आठवडे अतिशय वाईट गेले; मी चिडचिडा झालो, दुपारी डोळे मिटत आणि हा उपाय अंगाशी येणार अशी माझी खात्री झाली. तिसऱ्या आठवड्यात झोप सलग लागू लागली आणि मग अंथरुणातला वेळ पंधरा पंधरा मिनिटांनी वाढवत नेला. कॉफीही दुपारी बारानंतर बंद झाली, कारण कॅफीनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. हा झोप आवळण्याचा उपाय कोणी आपल्या मनाने करू नये. अपस्मार (फिट्स) किंवा द्विध्रुवीय विकार (बायपोलर) असणाऱ्यांना तो घातक ठरू शकतो आणि वाहन चालवणाऱ्यांनाही त्यात धोका आहे.

चालण्याची गंमत याहून वेगळी झाली. चिठ्ठीत ३० मिनिटे लिहिली होती आणि पहिल्या आठवड्यात मी एकही दिवस घराबाहेर पडलो नाही. नैराश्यावर सांगितलेला प्रत्येक उपाय नेमकी तीच शक्ती मागतो, जी नैराश्याने आधी काढून घेतलेली असते, हे ज्यांनी ते भोगले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मी ओशाळून कबुली दिली, तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठी घेतली, ३० खोडून ५ लिहिले आणि म्हणाल्या, ‘मात्रा जास्त झाली होती.’ त्या एका वाक्याने दोष माझ्या अंगावरून उतरून मात्रेवर गेला. पाच मिनिटे मी चाललो. सवय जडायला २१ दिवस पुरतात हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. पण लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ इतके पडतील असा अंदाज निघाला आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. मला पाचावरून तीसवर यायला चार महिने लागले.

या वैद्यकाची एक बाजू मला अजूनही खटकते. जीवनशैली हा शब्द असा आहे की आजाराची सगळी जबाबदारी आजाऱ्याच्या पदरात टाकायला तो फार सोयीचा पडतो. जो रात्रपाळी करतो, ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ज्याला दोन नोकऱ्यांच्या मधल्या वेळेत प्रवास करायचा आहे, त्याने शैली निवडलेली नसते; ती त्याच्या वाट्याला आलेली असते. शिवाय पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिनला पर्याय नाही आणि मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर चालायला जाण्याआधी तातडीने मनोविकारतज्ज्ञांकडे जायला हवे. चांगला डॉक्टर हे स्वतःहून सांगतो. जो गोळ्या सोडून द्यायला सांगून सुरुवात करतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी उत्तर न दिलेला तो प्रश्न तिसऱ्या भेटीत परत आला. सामाजिक संबंध आणि आयुर्मान यांवरच्या १४८ अभ्यासांचे, तीन लाखांहून अधिक माणसांच्या माहितीचे, एकत्रित विश्लेषण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात ज्यांचे संबंध घट्ट होते त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली, असे डॉक्टरांनी सांगितले. मग चिठ्ठीवर लिहिले : एक फोन, दर रविवारी. इतर ओळी पाळल्या तरी ही ओळ मी दोन महिने रिकामी ठेवली. शेवटी ज्या मित्राला फोन केला, त्याने मी इतके दिवस कुठे होतो हे विचारलेच नाही. स्वतःच्या गुडघ्याविषयी वीस मिनिटे बोलला. मला फार बरे वाटले.

सध्या एचबीएवनसी ५.८ आहे, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेतून मी अजून बाहेर पडलेलो नाही. झोपेची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत बंद झाली. नैराश्याचे औषध चालू आहे आणि ते थांबवण्याची मला घाई नाही. गेल्या भेटीत चिठ्ठीवर एक नवी ओळ आली आहे : स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम, आठवड्यातून २ दिवस. तीन आठवड्यांत मिळून तो आतापर्यंत एकदाच झाला आहे, तेव्हा येत्या गुरुवारी मात्रा पुन्हा खोडली जाईल असे दिसते.