शून्य सापडेपर्यंत : सिटी व्हीटेकवर अ‍ॅडजस्टेबल कॅम गिअर

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्हवालं झाकण, परत बसून दोन महिने झाले तरी गाडी मनासारखी चालत नव्हती. एका फटक्यात स्टार्ट, आयडल स्थिर, धूर नाही, पाणी कमी होत नाही. पण अडीच ते साडेतीन हजार आरपीएमच्या मध्ये तिला जो जोर असायचा तो गेला होता. अकरा वर्षं ही गाडी माझ्या हातात आहे. तिसऱ्या गिअरमध्ये किती पाय दाबला की ती किती उचलते, हे काट्याकडे न बघता कळतं.

गाडी २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक. १४९३ सीसी, बोअर ७५, स्ट्रोक ८४.५, कंपनीच्या आकड्याप्रमाणे १०६ बीएचपी. मागच्या उन्हाळ्यात रेडिएटरचा पंखा बंद पडला, इंजिन तापलं आणि हेड वाकलं. फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला, दिलं. तिथं एका फेऱ्यात भागलं नाही म्हणून दुसरा फेरा मारला आणि मला कळवलंच नाही. या हेडची मूळ उंची ९३ मिलिमीटर, मॅन्युअल त्यातून फार तर ०.२ काढू देतं. परत आल्यावर व्हर्नियर लावला तर ९२.४. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. दुसरं हेड शोधलं, जे मिळालं ते याहून खराब होतं, म्हणून हेच बसवलं.

आता विचार करा. हेड ०.६ मिलिमीटर खाली आलं म्हणजे कम्प्रेशन थोडं वाढलं, जोर वाढायला हवा होता. पण हेडबरोबर कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या खालच्या दांड्याच्या) जवळ आला. दोघांना जोडणाऱ्या बेल्टची ओढणारी बाजू तेवढी आखूड झाली, उरलेली ढील टेन्शनरनं मागच्या बाजूला खाऊन टाकली, आणि कॅम थोडा मागं पडला. बेल्ट अख्ख्या दातांनीच सरकतो, अर्ध्या डिग्रीची दुरुस्ती त्यानं होत नाही. अ‍ॅडजस्टेबल गिअर मला हवा होता तो यासाठी, त्यावर कॅम थोडाथोडा पुढंमागं सरकवता येतो. पॉवर वाढवायचा विचार त्यानंतरचा.

पहिला शनिवार. डावं पुढचं चाक काढलं, ऑइल पॅनखाली लाकूड ठेवून जॅक लावला, डाव्या बाजूचा इंजिन माउंट सोडला, टॅपेट कव्हर आणि बेल्टचं वरचं कव्हर काढलं. क्रँक पुलीच्या बोल्टनं दीड तास घेतला. तो १८० न्यूटन मीटरच्या आसपास आवळलेला असतो आणि वीस वर्षांत आणखी घट्ट झालेला असतो. पाना चेसिसला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती इथं करू नका. हे इंजिन बेल्टच्या बाजूनं बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे स्टार्टर मारला की बोल्ट सुटायच्या ऐवजी आवळतो. पुलीच्या षटकोनात बसणारा होल्डर आणि लांब पाइप, दुसरा मार्ग नाही. माझा दोस्त होल्डर धरून बसला होता. बोल्ट सुटल्याचा 'टक्क' आवाज आला तेव्हा तो म्हणाला, "भावा, हात गेले की रं माझे."

मग क्रँक पुलीवरच्या टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असण्याच्या) पांढऱ्या खुणेवर आणून कॅम गिअरकडे टॉर्च मारला. गिअरवरचं 'अप' वर असताना दोन्ही बाजूंच्या खाचा हेडच्या वरच्या पृष्ठभागाशी जुळायला हव्यात. स्टीलची पट्टी हेडवर आडवी धरली. रेडिएटरकडची खाच पट्टीच्या किंचित वर, फायरवॉलकडची तितकीच खाली. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. कॅम मागं पडला होता, हे डोळ्यांनी दिसलं. दोन महिने जे पायाला जाणवत होतं ते त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये होतं, असं मला तेव्हा वाटलं. ते अर्धंच खरं निघालं.

क्रँक किती डिग्री फिरला ते वाचायचं डिग्री व्हील विकत न घेता कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांकडं करून घेतलं. अ‍ॅल्युमिनियमची २५० मिलिमीटर व्यासाची चकती, तिच्यावर ३६० भागांचा छापील कागद चिकटवलेला. एवढ्या मोठ्या चकतीच्या कडेला एक डिग्री म्हणजे दोन मिलिमीटरहून जास्त अंतर, त्यामुळे अर्धी डिग्रीसुद्धा नीट वाचता येते. जुन्या स्पार्क प्लगची पोर्सेलिन फोडून आत बोल्ट बसवून पिस्टनला वर येताना अडवणारा पिस्टन स्टॉपही त्यांनीच केला. काय करतोय ते सांगितल्यावर काका एवढंच म्हणाले, "मग आधी टीडीसी खरा काढ पोरा, खुणंवर जाऊ नको."

काकांचं ऐकलं ते बरं झालं. स्टॉप बसवला, सगळे प्लग काढलेले, क्रँक हातानं हळूच फिरवून स्टॉपला टेकवला: ३१.५. उलट बाजूनं टेकवला: ३४.५. म्हणजे माझी तारेची सुई खऱ्या टीडीसीपासून दीड डिग्री चुकीच्या जागी होती. सुई वाकवली, दोन्हीकडे ३३ आलं. डिग्री वाचायच्या आधी हे केलं नाही तर पुढचे सगळे आकडे चुकीच्या पायावर उभे राहतात.

आता कॅम नेमका कुठं आहे ते मोजायचं. डायल गेज पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंगच्या टोपीवर, लावला. त्याआधी टॅपेट गॅप (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट) मॅन्युअलप्रमाणे केले, इनटेक ०.१८ ते ०.२२, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर, इंजिन थंड असताना. पूर्ण लिफ्टच्या, म्हणजे पूर्ण उघडल्याच्या, ठिकाणी व्हॉल्व्ह बराच वेळ जवळजवळ थांबल्यासारखाच असतो, तिथं गेज बघून नेमका मध्य सापडत नाही. म्हणून चढताना शिखराच्या एक मिलिमीटर खाली एक वाचन, उतरताना तेवढ्याच खाली दुसरं, आणि त्यांचा मध्य. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा अर्ध्या डिग्रीच्या आत आलं. तो आकडा वहीत लिहिला आणि मगच जुना गिअर काढला.

रविवार. नवा गिअर बसवून त्याच्या शून्यावर ठेवला आणि परत मोजलं. जुन्या गिअरच्या तुलनेत अर्धी डिग्री वेगळं आलं. म्हणजे गिअरवर कोरलेलं शून्य हे माझ्या इंजिनाचं शून्य नव्हतं. त्यावरच्या अ‍ॅडव्हान्स-रिटार्डच्या अक्षरांवरही विसंबू नका, उलट फिरणाऱ्या इंजिनात ती फसवू शकतात. गिअरवरच्या रेषा कॅमच्या डिग्रीत आहेत की क्रँकच्या, हेही आधी तपासा. कॅमची एक डिग्री म्हणजे क्रँकच्या दोन. माझ्या गिअरवर क्रँकच्या होत्या, आणि इथले सगळे आकडे क्रँकचेच आहेत.

सरकवायची रीत अशी. गिअरच्या कडेचे सहा अ‍ॅलन बोल्ट ढिले केले की व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या दाबानं कॅम झटकन एका बाजूला जातो. मधल्या बोल्टवर पाना धरून ठेवा, मग बोट चेपायचं नाही. कॅम फिरण्याच्या दिशेनं पुढं गेला म्हणजे अ‍ॅडव्हान्स. बोल्ट समोरासमोरचे घेऊन टप्प्याटप्प्यानं आवळा. पहिल्यांदा मी एका बाजूनं आवळत गेलो आणि शेवटच्या बोल्टला गिअर अर्धी डिग्री सरकला. दातांच्या कड्यावरून आतल्या चकतीवर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ आधीच ओढली होती, तिचे दोन तुकडे झालेले दिसले म्हणून कळलं. प्रत्येक बदलानंतर क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा. हे इंजिन इंटरफिअरन्स जातीचं आहे, पिस्टन आणि व्हॉल्व्ह भेटू शकतात. माझं हेड पातळ झालेलं, त्यामुळे चार डिग्रीच्या पुढं मी कुठल्याच बाजूला गेलो नाही.

बेल्टचं टेन्शन: क्रँक घड्याळाच्या उलट दिशेनं, म्हणजे इंजिन फिरतं त्याच दिशेनं, पाच-सहा फेरे. मग टेन्शनरचा बोल्ट ढिला, कॅम गिअर तीन दात पुढं जाईल इतका क्रँक फिरवा, बोल्ट आवळा. बास.

गिअरवरच्या खाचा हेडशी जुळेपर्यंत कॅम पुढं घेतला. जुन्या स्थितीपासून फरक आला साधारण दीड डिग्री. हे माझं शून्य.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. या इंजिनात प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच टोकाला जोडलेला आहे आणि क्रँकची जागा सांगणारे सेन्सर त्याच्याच पोटात आहेत. कॅम दोन डिग्री पुढं नेला की इग्निशनही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, दोन डिग्री पुढं जाते, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) पत्ताही लागत नाही. कॅम गिअर फिरवून "गाडी उडायला लागली" म्हणणाऱ्या कित्येकांच्या आनंदात मोठा वाटा इग्निशनचा असतो, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. गिअर हलवला की ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावलाच पाहिजे.

मी लावला. ईसीयूला टायमिंग स्थिर धरायला लावणारा सर्व्हिस कनेक्टर वायरनं जोडला, इंजिन गरम, लाइट पुलीवर. मधली लाल खूण पॉइंटरशी जुळायला हवी होती. ती जुळत नव्हती, पॉइंटर पांढऱ्या खुणेकडं झुकलेला. कॅम दीड डिग्री पुढं घेऊनसुद्धा टायमिंग चार डिग्री मागं होतं! मग आठवलं. हेड बसवलं त्या दिवशी टायमिंग मीच लावलं होतं, कनेक्टर न जोडता. तो जोडला नाही तर ईसीयू आयडल सांभाळायला टायमिंग सतत पुढंमागं करत असतो आणि आपण हलत्या खुणेला जुळवत बसतो. डिस्ट्रिब्युटरचे बोल्ट ढिले केले, हलकेच फिरवला, लाल खूण पॉइंटरखाली येऊन स्थिर झाली.

संध्याकाळी गाडी रंकाळ्यापर्यंत नेऊन आणली. हरवलेला जोर परत आला होता. त्यात कॅमचा वाटा किती आणि इग्निशनचा किती, हे रस्त्यावर सांगता येत नव्हतं, म्हणून पुण्यात तासावर मिळणारा डायनो (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) बुक केला.

डायनोवर प्रत्येक सेटिंगला तीन धावा आणि प्रत्येक वेळी इग्निशन परत लाल खुणेवर. आधी कॅम मुद्दाम जुन्या जागी नेला, इग्निशन बरोबर ठेवून. तीन हजारांवर शून्याच्या तुलनेत दोनच न्यूटन मीटर कमी. म्हणजे हरवलेल्या जोराचं मुख्य कारण माझं चुकीचं टायमिंग होतं. अधिक दोनला, म्हणजे माझ्या शून्यापासून कॅम दोन डिग्री पुढं असताना, तीन हजारांवर चार न्यूटन मीटर जास्त, साडेसहा हजारांवर दोन बीएचपी कमी. अधिक चारला खाली जवळपास काहीच वाढलं नाही, वर मात्र पाच बीएचपी गेले. उणे दोनला वर एक-दीड बीएचपी मिळाले आणि खालचा जोर पडला. कारण सरळ आहे: कॅम पुढं म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद, कमी आरपीएमला भरलेली हवा परत बाहेर ढकलली जात नाही, कॅम मागं म्हणजे उशिरा बंद, जास्त आरपीएमला वेगात येणाऱ्या हवेला आत शिरायला वेळ मिळतो. आपलं इंजिन एका कॅमचं, त्यामुळे इनटेकबरोबर एक्झॉस्टही सरकतो आणि ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, जसा कोरलाय तसाच राहतो. दोन कॅमवाल्यांना तोही बदलता येतो, त्यांचं काम जास्त मजेचं आणि जास्त किचकट.

शेवटी एक धाव अधिक दोनवर, इग्निशन न सुधारता. तीन हजारांवर आणखी तीन न्यूटन मीटर दिसले. कागदावर आलेख बघून कुणीही खूश झालं असतं. पण थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर इंजिनातून बारीक टिकटिक ऐकू आली, नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटल्याची. वाढलेल्या कम्प्रेशनवर ती मला नकोच होती. धाव तिथंच थांबवली आणि टायमिंग परत लाल खुणेवर आणलं.

गाडी आता अधिक दोनवर आहे. मी साडेसहा हजारांवर महिन्यातून एकदा जातो, तीन हजारांवर रोज असतो. मागच्या रविवारी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीला गेलो आणि तोच घाट चढून परत आलो. जिथं दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं त्या दोन वळणांवर तिसराच चालला. वरच्या कव्हरला गिअरचे बोल्ट दिसतील एवढी खिडकी कापून तिच्यावर पारदर्शक पत्रा लावलाय, बेल्टवर धूळ किंवा खडा जायला नको. आठशे किलोमीटरनंतर त्यातून टॉर्च मारून बघितलं, नेलपॉलिशची रेघ अखंड आहे.