रेकॉर्डिंगमधली घुरघुर आणि सूंऽऽ, माझा अनुभव

भांडुपला स्टेशनच्या जवळच राहते. आजीला आता डोळ्यांनी वाचवत नाही म्हणून तिच्यासाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करते, आणि हेडफोन लावला की माझ्या आवाजामागे कायम काहीतरी चालू असायचं. ज्याला विचारावं तो म्हणे नवीन माईक घे, इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी) बदल. पण आवाज कुठून येतोय हेच माहीत नसताना पैसे कशावर घालायचे?

नीट कान देऊन ऐकलं तर तो एक आवाज नव्हताच. खाली जाडसर घुंऽऽ, वर बारीक सूंऽऽ, आणि मध्ये घरातला-बाहेरचा सगळा गोंधळ, पंखा, फ्रिज, लोकल, हॉर्न.

आधी घुंऽऽ धरला. काही न बोलता थोडं रेकॉर्ड केलं, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम (कोणत्या पट्टीचा आवाज किती आहे तो आलेख) उघडला, तर 50, 100, 150 हर्ट्झला सरळ सुळके उभे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे हा खोलीतला आवाज नाही, वायरिंगमधनं येतोय. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला आणि सुळके जवळजवळ झोपलेच! बिल्डिंग जुनी, वायरमनदादांनी तपासलं तर त्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनला अर्थिंगच आलेलं नव्हतं. ते करून घेतल्यावर चार्जर लावूनही घुरघुर नावालाच राहिली. आणि हो, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक म्हणजे आवाज जातो असं कोणी सांगितलं तर प्लीज ऐकू नका, ती पिन शॉकपासून वाचवायला असते.

सूंऽऽ मात्र तसाच. मग माईक गोधडीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवला, वायर फटीतून बाहेर, गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ते) नेहमीएवढाच. हॉर्न गेले, लोकल गेली, सूंऽऽ जागच्या जागी. म्हणजे हा प्रीअँपचा, माईकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या इंटरफेसमधल्या भागाचा. माझा माईक डायनॅमिक, म्हणजे आवाजाने आतली तारेची गुंडाळी हलून सिग्नल बनवणारा, त्याचा सिग्नल मुळातच बारीक, बोलण्यासाठी गेन 55-60 डीबीपर्यंत (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं माप) चढवावा लागतो आणि तिथे प्रीअँपचा स्वतःचा आवाजही तेवढाच फुगून येतो. याबद्दल वाचताना मला एक गोष्ट फार आवडली, साध्या रेझिस्टरमध्येसुद्धा नुसत्या उष्णतेने इलेक्ट्रॉन हलत असतात आणि त्याचा आवाज होतो, जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी 1928 साली हे मांडलं. माईकचा रोध धरतात तेवढ्या 150 ओहमला तो साधारण -131 डीबीयू येतो (डीबीयू म्हणजे सिग्नलची पातळी, आकडा शून्याच्या जितका खाली तितका आवाज कमी), चांगले प्रीअँप आजच -128 च्या आसपास आहेत, म्हणजे कितीही महागाचं घेतलं तरी त्याच्या पुढे फारसं मिळण्यासारखं उरतच नाही.

खरा फरक पडला तो अंतराने. तोंड माईकपासून फूटभर लांब होतं ते अर्ध्या फुटावर आणलं, आवाज साधारण 6 डीबीने वाढला, तेवढा गेन खाली घेतला, आणि सूंऽऽ, पंखा, लोकल सगळंच 6 डीबीने मागे गेलं, एक रुपया न घालता. डायनॅमिक माईक बाहेरचं कमी पकडतो असं सगळे म्हणतात, त्यातलं बरंचसं श्रेय मला वाटतं आपण त्याच्या इतक्या जवळ जाऊन बोलतो त्याचंच आहे. फक्त माईक जरा तिरका ठेवावा लागतो, नाहीतर 'प' आणि 'भ' धाडकन आपटतात.

बाकी खोलीचं सोपं होतं. पंखा बंद, खिडकीला जाड चादर, 80 हर्ट्झचा हायपास (त्याखालचा जाड आवाज कापणारा फिल्टर), आणि शेवटची लोकल गेल्यावर वाचायला बसणं.

गप्प बसलेल्या जागेत आधी -48 डीबी यायचं, आता -63 येतं. ऑडिबल या ऑडिओबुकच्या अ‍ॅपवर पुस्तकं देण्यासाठी एसीएक्स या त्यांच्या मंचाची जी अट आहे ती -60 च्या खाली, म्हणजे घरच्या घरी तिथवर पोचता येतं. सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (मागचा आवाज कमी करणं) 6 डीबीच्या वर नेत नाही, त्यापुढे 'स' आणि 'श' पाण्यातून आल्यासारखे होतात, आणि आजीला ऐकायला आधीच कमी येतं, तिला अक्षर न् अक्षर स्वच्छ मिळायला हवं.