शह बसला म्हणून किल्लेकोट जात नाही!

हे आधीच लिहून टाकते, कारण यापायी गणपतीत चारचौघांत माझा पोपट झालाय. बुद्धिबळात राजाला आधी कधीतरी शह बसून गेला (म्हणजे त्याच्यावर मारा झाला), एवढ्यावरून किल्लेकोट, म्हणजे कॅसलिंग, राजा आणि हत्तीची ती एकत्र खेळी, बंद होत नाही.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि मी त्रेचाळिसाव्या वर्षी ठरवलं, आता बुद्धिबळ रीतसर शिकायचं. लहानपणी आजोबांनी शिकवलं होतं, पण ते देशी. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. मात्र तोवर त्याला शह बसलेला नसावा. पुढचा सगळा घोळ या अटीनेच घातला.

मोहऱ्यांच्या चाली येतच होत्या. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, हेही अंगवळणी पडलं. मग घराजवळच्या एका क्लासला नाव घातलं. आठ तास, फी आगाऊ.

सरांनी पहिल्याच तासाला किल्लेकोट उरकला: राजा दोन घरं हत्तीकडे, हत्ती त्याच्यावरून पलीकडे, झालं. घरी येऊन मोबाइलवर खेळायला बसले, तर राजा हलेना. मधली घरं मोकळी, राजा-हत्ती जागचे हललेले नाहीत, तरी नाही. ॲप कारणही सांगेना. पुढच्या तासाला विचारलं. सर दुसऱ्याच्या पटाकडे बघत म्हणाले, "आधी शह बसला होता का?" बसला होता. "मग गेलं तुमचं कॅसलिंग." मलाही पटलं, आजोबांचा नियम तोच की! वहीत दोनदा अधोरेखित केलं.

खरं कारण वेगळंच होतं. राजा ज्या घरावरून जाणार, त्यावर समोरच्या उंटाचा मारा होता. आत्ता शह असेल, वाटेतल्या घरावर मारा असेल किंवा पोचायच्या घरावर मारा असेल, तर किल्लेकोट नाही. हत्तीवर मारा असला तरी खुशाल करा. (यात लाजायचं काही नाही. १९७४ साली मॉस्कोत कार्पोवविरुद्ध खेळताना खुद्द ग्रँडमास्टर कोर्चनॉयने पंचांना हे हत्तीचंच विचारलं होतं.)

हे मला कळलं ते सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या स्पर्धेत. समोर सी विंगमधली अकरा वर्षांची मुलगी. मी उंटाने शह दिला, तिने मध्ये प्यादं घातलं. मी मनात म्हटलं, हिचा राजा आता मधोमध अडकला. चार खेळ्यांनी तिने शांतपणे किल्लेकोट केला. मी हात वर करून पंचांना बोलावलं. पंच म्हणजे मंडळाचे खजिनदार, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी मोठ्या आवाजात नियम सांगतेय, भोवती घोळका, आणि ती हळूच म्हणाली, "काकू, राजा हलला नव्हता ना माझा." कुणीतरी मोबाइलवर फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, नियम काढून वाचून दाखवले. माझे कान गरम झाले. डावही गेला.

हो, किल्लेकोट करताना आधी राजाला हात लावा, आणि एकाच हाताने करा. हत्तीला आधी हात लावलात तर स्पर्धेत नुसता हत्तीच चालवावा लागतो. पट मांडताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आणि वजीर आपापल्या रंगाच्या घरात, हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं. समोरच्याचं प्यादं दोन घरं उडी मारून तुमच्या प्याद्याच्या शेजारी आलं, तर ते एकच घर आलंय असं समजून तिरकं मारता येतं. पण लगेच पुढच्या खेळीलाच. याला आँ पासाँ म्हणतात, आणि आमच्या क्लासमध्ये ते "नंतर बघू" या सदरात आहे.

त्या रात्री सरांना नियमाचा फोटो पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून नाही. माझे दोन तास शिल्लक आहेत.