डाव्या खिशातलं रिव्हॉल्व्हर

माझ्या दुकानाचं दार रात्री अकराला बंद होतं. गल्ला मोजायचा, रोकड पिशवीत, पिशवी जाकिटाच्या आत, दाराला कुलूप आणि मग गाडीपर्यंत चाळीस पावलं. डॅलसच्या उपनगरातल्या या पेट्रोल पंपावर सतरा वर्षं झाली. त्यातली गेली सात वर्षं उजव्या कमरेला ग्लॉक १९ पिस्तूल असतं. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून बहुतेक प्रौढांना पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही, पण मी त्याच्या आधीच वर्ग करून, परीक्षा देऊन परवाना काढला होता आणि आजही नूतनीकरण चुकवत नाही.

गेल्या हिवाळ्यात गाडीत बसून पट्टा लावला आणि खिडकीवर थाप पडली. अंधारात एक माणूस उभा. त्याला पेट्रोलसाठी पाच डॉलर हवे होते, मी दिले, तो गेला. पण त्या दोन सेकंदांत माझा उजवा हात कमरेकडे गेला तेव्हा वर सीटबेल्ट, त्याखाली जाड जाकीट, त्याखाली शर्ट. पिस्तूल बोटांना लागलंसुद्धा नाही. तो माणूस बिचारा गरजू होता, याचं मला आजही बरं वाटतं. घरी येताना मात्र एकच विचार डोक्यात होता, की डाव्या हाताला सापडेल असं काहीतरी हवं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, एक आहे ना? घरात दुसरं कशाला आणताय?" रास्त प्रश्न होता. मी तिला गाडीत बसवून दाखवलं. पट्टा लावायचा आणि हात कुठे पोचतो ते बघायचं. तिला पटलं, पण तिनं दोन अटी घातल्या. रात्री दोन्ही तिजोरीत जायला हवीत, आणि सगळा खर्च मिळून सहाशे डॉलर, काडतुसांसकट. ही दुसरी अट मला फार उपयोगी पडली. स्वस्त रिव्हॉल्व्हर शोधणारे बहुतेक जण फक्त रिव्हॉल्व्हरची किंमत बघतात आणि सराव करायला खिशात काही उरत नाही.

खिशात छोटं पिस्तूल का नाही, असं मला मित्र विचारतात. कारण डाव्या हातानं, गाडीत अडकून बसलेला असताना, पिस्तुलात गोळी अडकली तर दुसऱ्या हाताची गरज लागते. रिव्हॉल्व्हरची गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, काडतुसाचं पुढचं घर फिरून नळीसमोर येतं. शिवाय पिस्तुलाची नळी कोणाच्या अंगाला टेकली तर स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ढकलली जाऊन ते बंद पडू शकतं. रिव्हॉल्व्हरला ती भीती नाही. न्यूयॉर्कचे जुने पोलीस दुसरं रिव्हॉल्व्हर बाळगायचे ते याच हिशोबानं. गोळ्या संपल्यावर भरत बसण्यापेक्षा दुसरं काढणं लवकर होतं, म्हणून त्याला आजही 'न्यूयॉर्क रीलोड' म्हणतात.

आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरला इथं 'स्नब-नोज' म्हणतात, म्हणजे नकटं. कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ सालचं, सहा गोळ्यांचं. स्मिथ अँड वेसननं १९५०मध्ये चीफ्स स्पेशल काढलं, पाच गोळ्यांचं, पण अंगानं बारीक. आज ज्याला जे-फ्रेम म्हणतात तो सांगाडा तिथून आला. सगळ्यांत पॉइंट ३८ स्पेशल काडतूस. आमच्या डॅलसला याची एक वाईट आठवण आहे. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पोलीस मुख्यालयाच्या तळघरात जॅक रुबीनं केनेडींच्या हत्येचा आरोपी ऑस्वाल्डला मारलं ते कोल्ट कोब्रा याच जातीचं होतं. इतकं जवळून वापरायचं हत्यार आहे हे. लांबच्या नेमासाठी ते बनलेलंच नाही.

आता माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी बंदुकांच्या एका प्रदर्शनात टेबलावर जुनं रिव्हॉल्व्हर दिसलं, दोनशे वीस डॉलर. पॉलिश छान, लाकडी मूठ, हातात मस्त बसलं. मी घेतलं. नेमबाजीच्या रेंजवर तिसऱ्या-चौथ्या गोळीला शेजारी उभा असलेला मित्र दंड चोळायला लागला. त्याच्या दंडावर शिशाचे बारीक कण आदळत होते. चाप सावकाश ओढला की सिलिंडर, म्हणजे काडतुसांच्या घरांचं फिरतं नळकांडं, पूर्ण फिरायच्या आधीच हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारा घोडा, पडत होता. म्हणजे काडतुसाचं घर नळीच्या बरोबर समोर येत नव्हतं, गोळी नळीच्या तोंडाची कड घासत जात होती आणि शिसं बाजूला उडत होतं. बंदूक दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. तो म्हणाला, दुरुस्तीत घेतलेल्या किमतीहून जास्त जातील. दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मला पटलं नाही, म्हणून सुट्या भागांसाठी त्यालाच साठ डॉलरला देऊन टाकलं.

त्या म्हाताऱ्यानं मात्र मला अर्धा तास उभं करून जुनं रिव्हॉल्व्हर तपासायला शिकवलं, आणि ते साठ डॉलरपेक्षा मोलाचं होतं. आधी सिलिंडर बाहेर काढून पाचही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोटानंही चाचपायची. मग बंद करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, सिलिंडरवर अंगठ्याचा अगदी हलका अडसर ठेवायचा आणि चाप मुंगीच्या पावलानं ओढायचा. हॅमर सुटायच्या आधी सिलिंडर जागेवर बसल्याचा 'टक' आवाज यायलाच हवा. प्रत्येक घराला वेगळं तपासायचं, कारण चार बरोबर आणि पाचवं बिघडलेलं असू शकतं. चाप दाबून धरूनच सिलिंडर हलवून बघायचं. कणभर डुगडुगलं तर चालतं, खुळखुळलं तर ठेवून द्यायचं. मग दिव्यासमोर धरायचं. नळी आणि सिलिंडर यांच्यामध्ये केसाएवढी उजेडाची रेघ दिसते. फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजली तर ती इंचाच्या चार ते आठ हजारांश असावी. सिलिंडर पुढेमागे सरकत असेल तर ती रेघ खोटी ठरते, म्हणून तेही बघायचं. शेवटी नळीच्या मागच्या तोंडाला चीर आहे का ते. हे सगळं करू न देणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून पुढच्या टेबलावर जावं.

यंदा मी आधी भाड्यानं घेतली. रेंजवर तासाभराच्या पैशात तीन चालवून बघितली. रुगरचं एलसीआर २००९पासून बाजारात आहे, वजन साडेतेरा औंस, म्हणजे चारशे ग्रॅमच्याही आत. त्याचा चाप तिघांत सगळ्यात मऊ, ओढताना मधे कुठे अडत नाही. टॉरसचं ८५६ सहा गोळ्यांचं, पोलादी, बावीस औंसांचं. दणका कमी जाणवतो, आणि खरं सांगायचं तर माझे सगळ्यात चांगले नेम त्याच्यावरच लागले. स्मिथ अँड वेसनचं ६४२, सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, पंधरा औंसांच्या आतबाहेर. हॅमर पूर्ण आत झाकलेला, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. या घडणीला सेंटेनियल म्हणतात, कारण १९५२मध्ये कंपनीच्या शंभराव्या वर्षी ती पहिल्यांदा आली.

इथं एक गोष्ट कोणी सांगत नाही. पंधरा औंस म्हणजे पौंडाला एक औंस कमी. आणि त्या ६४२चा नवाकोरा चाप ओढायला अकरा-बारा पौंड जोर लागतो. माझ्या ग्लॉकला साडेपाच. हत्याराच्या वजनाच्या बारापट जोर एका बोटानं लावायचा आणि तरी नळी हलू द्यायची नाही, हेच या नकट्याचं सगळं अवघडपण आहे. नळी दोन इंचाहून आखूड, त्यामुळे नेम धरायच्या मागच्या आणि पुढच्या खुणा इतक्या जवळ की थोडं हललेलं दिसतसुद्धा नाही. लोक म्हणतात ही नवशिक्यांची बंदूक. चालवायला सोपी, म्हणजे बटणं नाहीत, हे खरं. पण नेमकी लावायला याच्यासारखी कठीण दुसरी नाही.

मी ६४२ घेतलं. हिशोब असा बसला: रिव्हॉल्व्हर ४५० डॉलर, सव्वाआठ टक्के कर धरून ४८७, खिशातलं होल्स्टर, म्हणजे म्यान, २८, पन्नास काडतुसांचे तीन बॉक्स ८१. एकूण ५९६. एलसीआर आवडूनही सोडलं, कारण ते घेतलं असतं तर काडतुसं उरली नसती. ८५६ माझ्या खिशाला जड झालं. जाकिटात चाललं असतं, पण टेक्ससच्या उन्हाळ्यात पातळ पँटच्या खिशात ते पेंडुलमसारखं हलतं. कोणाकडे तीनशे-साडेतीनशेच असतील तर मी त्याला नवीन ८५६ घ्यायलाच सांगेन. चार्टर आर्म्सचं अंडरकव्हर आणि फिलिपिन्समध्ये बनणारं रॉक आयलंडचं एम२०६ याच किमतीच्या आसपास मिळतं, पण ती दोन मी स्वतः चालवलेली नाहीत. काहीही घ्या, पण इतिहास माहीत नसलेलं जुनं, तपासल्याशिवाय घेऊ नका.

खिशाचा एक नियम कडक पाळा. त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ली नाही, नाणं नाही, रुमालही नाही. आणि होल्स्टरशिवाय कधीच नाही, चाप झाकलेला हवाच. महिन्याभरात खिशातली धूळ आणि कापडाचे तंतू सिलिंडरच्या मागे जमतात, म्हणून दर रविवारी मी जुन्या टूथब्रशनं झाडतो.

सरावाला मी वॅडकटर वापरतो, १४८ ग्रेनची. त्या गोळीचं तोंड चपटं असतं आणि ती पुंगळीच्या आत पूर्ण बसवलेली, वरून बघितलं तर काडतूस कापल्यासारखं दिसतं. दणका सौम्य, आणि कागदावर पंचिंग मशीननं पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक. जोरकस +पी काडतुसं या हलक्या सांगाड्यातून वीसेक झाडली की अंगठ्याजवळचं मांस लाल होतं आणि मग माणूस सराव टाळायला लागतो. भरताना वॅडकटर घरात पटकन सरकत नाही एवढीच अडचण. रिकामं करतानाही लक्ष हवं. आखूड नळीखाली दांडाही आखूड, तो पुंगळ्या पूर्ण बाहेर ढकलत नाही. नळी आभाळाकडे करून दांड्यावर तळव्यानं एकच ठोसा मारायचा, हळूहळू ढकललं की एखादी पुंगळी अडकून बसते.

घरी रोज रात्री दहा मिनिटं रिकामा सराव असतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत, सिलिंडरमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची खोटी काडतुसं, समोर तळघराची वीटभिंत. नळीच्या पुढच्या टोकावर एक सेंटचं नाणं ठेवायचं आणि डाव्या हातानं चाप शेवटपर्यंत ओढायचा. पहिल्या आठवड्यात नाणं प्रत्येक वेळी पडलं. आता दहापैकी सात वेळा राहतं. रेंजवर डाव्या हातानं पाच यार्डांवर पाचही गोळ्या ताटलीएवढ्या कागदात येतात. सात यार्डांवर अजून येत नाहीत.

आपल्याला बंदूक घेता येते का, असं महाराष्ट्र मंडळात तरुण मुलं विचारतात म्हणून लिहितो. दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा संघराज्याचा फॉर्म, भरावा लागतो आणि त्यात व्हिसाचा प्रश्न असतो. ग्रीनकार्डवाल्यांना घेता येतं. एच-१बीवर असाल तर साधारणपणे नाही. अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहण्याआधी वकिलाला विचारा. चुकीचं उत्तर लिहिणं हा संघराज्याचा गुन्हा आहे. पुण्याच्या भाच्याला मी किंमत सांगितली तर तो गप्पच झाला. कानपूरचं पॉइंट ३२ 'निर्भीक' २०१४मध्ये आलं तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होतं, आणि परवान्यासाठी खेटे वेगळे.

आमच्या कोरेगावच्या घरी आबांची बाराबोरची बंदूक होती, पिकात डुकरं शिरायची म्हणून. निवडणूक आली की आबा ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि निकालानंतर परत आणायचे. आणल्यावर आधी उघडून, दोन्ही नळ्यांतून आभाळ बघून मगच भिंतीला टांगायचे. खंडेनवमीला ती देवापुढे असायची.

यंदा खंडेनवमीला आम्हीही पाट मांडला. ग्लॉकची स्लाईड मागे ओढून ठेवली, रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बाहेर काढलं, काडतुसं तिजोरीतच राहिली. बायकोनं कुंकवाचं बोट उचललं आणि थांबली. दुसऱ्या हातानं सिलिंडर फिरवत पाचही घरांतून खालची रांगोळी दिसतेय का ते एकेक करून बघितलं, आणि मग कुंकू लावलं.