डिलाइटचा आतला साज

आमच्या फियाट डिलाइटच्या इंजिनानं फारसा त्रास दिला नाही. मेस्त्रींनी यादी दिली, नवऱ्यानं सामान आणलं, गाडी सुरू झाली. मग मेस्त्री मला म्हणाले, "वहिनी, बॉनेटखालचं माझ्याकडं लागलं. आतलं तुम्ही बघा. त्ये काम चिकाटीचं हाय."

गाडी १९६६ची, मामंजींची. ते गेल्यावर कित्येक वर्षं गॅरेजात ताडपत्रीखाली होती. कोल्हापुरात जुनी गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं दसऱ्याला निघणारी छत्रपतींची मेबॅक येते, त्यामुळे आमच्या फियाटला 'व्हिंटेज' म्हटलं की हसायचे. हौशी मंडळीही हा शब्द दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्यांनाच लावतात. पण सरकारनं २०२१मध्ये नियम केला, त्यात पन्नास वर्षांवरची खासगी गाडी व्हिंटेज ठरते. अट एकच, पण मोठी: ती मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. आतल्या नॉबचा रंग तिथं कोणी तपासत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी गाडी उभी करायचीच तर आतूनही ती १९६६चीच दिसली पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

आतलं सामान मिळणं इतकं अवघड का, याचं उत्तर कुर्ल्यात आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यात ही गाडी १९६४पासून डिलाइट आणि १९७४पासून पद्मिनी या नावानं, २०००च्या आसपासपर्यंत बनत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांमध्येही तेच १०८९ सीसीचं इंजिन असायचं, त्यामुळे पिस्टन, रिंगा, वॉटर पंप आजही कुठं ना कुठं सापडतात. आतलं मात्र दर काही वर्षांनी बदलत गेलं. हँडलांचा आकार बदलला, नॉब काळे झाले, रेक्झिनची नक्षी बदलली, अगदी शेवटच्या गाड्यांत तर स्टिअरिंगजवळचा गिअर खाली जमिनीवर आला. शिवाय टॅक्सीवाला गाडी घेतली की आधी काय करतो? सीट फाडून नवी शिवतो आणि छताला फुलाफुलांचं कापड ठोकतो. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि टॅक्सी वीस वर्षांपर्यंतच चालवायच्या नियमानं २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. म्हणजे भंगारात दारं मिळतील, काचा मिळतील. दाराच्या आतलं १९६६चं काही मिळण्याची आशा नाही.

म्हणून बाजारात जायच्या आधी, आमच्या गाडीत त्या वर्षी नेमकं काय होतं, ते शोधायला बसले. घरात फोटो भरपूर, पण सगळे कृष्णधवल. त्यातून हँडलाचा आकार कळतो, रंग नाही. सासूबाई म्हणाल्या सीट तांबडी होती, नणंद म्हणाली हिरवी. दोघींनीही शपथ घेतली असती.

शेवटी साक्ष गाडीनंच दिली. पुढची सलग बाकासारखी सीट बाहेर काढून उलटी केली, वरची कव्हरं एकेक उसवली. मामंजी कव्हरावर कव्हर चढवत गेले होते, जुनं कधी काढलंच नाही. देव त्यांचं भलं करो. सगळ्यांत खाली, फ्रेमच्या पट्टीत मुडपलेलं, ऊन न लागलेलं विटकरी रेक्झिन मिळालं, कडेला पांढुरकी पायपिंग. (सासूबाई जिंकल्या. आठवडाभर त्यांनी ते नणंदेला ऐकवलं.) डॅशबोर्ड पत्र्याचा, तो कधीतरी रंगवलेला, मूळ रंग मीटर काढल्यावर त्याच्या मागं दिसला. दाराच्या पॅनेलचं हार्डबोर्ड पावसानं फुगून पापडासारखं झालं होतं, पण त्याच्या मागच्या बाजूला मूळ भोकांच्या जागा शाबूत होत्या. ते फेकून न देता आधी कागदावर छापून घेतलं. नवीन पॅनेल कापताना हाच कागद कामी आला. गाडीच्या सीट शिवणारे कुशनवाले एरवी अंदाजानं भोकं पाडतात, मग हँडल तिरकं बसतं आणि काच वर करताना रेक्झिनला घासतं.

मग बाजार. पुण्याची नाना पेठ, पुण्यातलाच बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. माझा अनुभव असा की मोबाइलवर फोटो दाखवून काही मिळत नाही. फोटो पाहून सगळेच म्हणतात, "आहे, पुढच्या आठवड्यात या." मोडका का होईना, खरा नमुना पिशवीत हवा. तो हातात घेऊन, नखानं खरवडून, वजन बघून मगच जुना माणूस बोलायला लागतो. आणि "डिलाइटचं द्या" म्हणून भागत नाही, साल सांगावं लागतं. चोर बाजारात एकानं मला मोठ्या विश्वासानं डुक्कर फियाटची, म्हणजे १९५४ सालापासूनच्या गोल पाठीच्या मॉडेलची, हँडलं दिली. सुरेख होती. घेतली नाहीत. सीएसटी रोडवरच्या एका चाचांनी सरळ सांगितलं, "ताई, पद्मिनीचं घ्या, बसतंय." बसतं, यात वादच नाही. पत्रा तोच, खिळे तेच, सगळं एकमेकांना बसतं, आणि जुन्या फियाटी आतून ऐंशीच्या दशकातल्या होऊन जातात त्या याच एका शब्दापायी.

त्याच चाचांनी नंतर दुकानाच्या माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. त्यात काच वर-खाली करायची दोन हँडलं, एक चोकचा (थंड इंजिन सुरू करताना ओढायचा) नॉब आणि पुढच्या दाराच्या छोट्या तिरक्या काचेची खिट्टी. हँडलांचं निकेल उडालं होतं, पण आकार फोटोतलाच. भाव करायचा मी प्रयत्नच केला नाही, चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं होतं.

ऑनलाइनही एक व्यवहार झाला. जाहिरातीत 'कंपनीचा जुना माल', प्रत्यक्षात नवीन साच्यातली नक्कल, क्रोम आरशासारखं चकाकणारं. पैसे परत मिळाले, पण वाद घालून. ओळखायची एक खूण तेव्हापासून लक्षात ठेवली आहे: भाग उलटा करून बघायचा. जुन्या कास्टिंगला मागच्या बाजूला आकडा किंवा कारखान्याची खूण असते, नकलेची पाठ बहुधा कोरी असते.

इटलीहून सामान मागवायचं सगळ्यांनी सुचवलं. तिकडे फियाटची ११०० डी १९६२ ते १९६६ या काळात निघाली, आणि आमची डिलाइट तिचीच बहीण. भाची जर्मनीत असते, तिच्याकरवी विचारणा केली. पण तिकडचं स्टिअरिंग डावीकडे. डॅशबोर्डशी संबंधित काहीही मागवलं तर आरशात पाहिल्यासारखं उलटं येणार. ज्याला डावं-उजवं नाही तेवढंच तिथून आणण्यात अर्थ आहे. आम्ही कोट अडकवायचे हूक आणि छताच्या दिव्याची काच मागवली. दिव्याच्या काचेपेक्षा कुरियर आणि कस्टमचा खर्च जास्त झाला, तरी ती काच घट्ट 'टक्' करून बसली तेव्हा नवरासुद्धा गप्प बसला.

उरले नॉब. एकच मूळ, बाकीचे कुठून तरी जोडलेले. ते आमच्याच गावात झाले. शिवाजी उद्यमनगरात पंपापासून खिळ्यापर्यंत काय होत नाही! तिथल्या एका कारागिरानं त्या एका नॉबवरून रबरी साचा केला, रेझिन ओतून बाकीचे काढले आणि आत पितळी बुश बसवून आटे पाडले. रंग जुळवायला त्यानं जुना नॉब मागच्या बाजूनं पॉलिश करून घेतला, कारण वरचा रंग उन्हानं पिवळा पडलेला असतो. हे मला सुचलं नसतं. हे नॉब मूळ नाहीत, हे मी विचारणाऱ्याला सांगते.

स्टिअरिंगचं उलट केलं. हस्तिदंती रंगाच्या चाकाला आऱ्यांजवळ भेगा होत्या आणि चांगलं चाक विकत मिळत होतं. पण त्या चाकावर मामंजींच्या अंगठ्याची घासलेली जागा आहे. भेगा इपॉक्सीनं भरल्या, रंग फक्त भेगांपुरता दिला. जवळून पाहिलं तर दिसतात, दिसू देत.

रेक्झिननं सगळ्यांत जास्त रडवलं. रंग मिळतो, पण नक्षी मिळत नाही. आजच्या मालाचा दाणा मोठा आणि चमक जास्त. कोल्हापूर, पुणे, मुंबई सगळीकडे तुकडा घेऊन फिरले. अखेर तोडगा कुशनवाल्यांनीच काढला. मागच्या सीटची पाठ बऱ्यापैकी शाबूत होती, ती फक्त धुऊन तशीच ठेवली. पुढच्या सीटला जवळात जवळचं नवीन रेक्झिन, पण शिलाई जुन्या टाक्यांच्या अंतरानं. आत फोम न घालता स्प्रिंगांवर पुन्हा काथ्याच भरला, कारण फोमवर माणूस उंच बसतो आणि गाडीची ठेवणच बदलते. पुढचं-मागचं रेक्झिन उन्हात किंचित वेगळं दिसतं.

आरटीओत तपासणीच्या दिवशी चासी नंबरचा पेन्सिलनं छाप घेतला, इंजिन नंबर पाहिला, कागद पाहिले. आत कोणी डोकावलं नाही. नोंदणी आधीची असल्यानं जुना नंबर कायम राहिला. या नोंदणीवर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची.

ड्रायव्हरच्या बाजूचा सनव्हायझर अजून नाही. कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून एकानं पाठवायची तयारी दाखवली आहे. मी त्याला मागच्या बाजूचा फोटो मागितला आहे.